बाभूळफाट्याच्या नाक्यावरचा हुकूम

बहात्तरच्या दुष्काळाचं बोलणं निघालं की चकलांब्याच्या भागातली म्हातारी माणसं पाझर तलावाची, फोडलेल्या खडीची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची गोष्ट सांगतात. आश्रुबाची गोष्ट वेगळी. त्या सालात त्याच्या हातात ना टिकाव होता ना घमेलं. त्याच्या हातात एक बांबू होता, रस्त्यावर आडवा घालायचा.

पुढं सत्तरी ओलांडल्यावरही तो त्या वर्षाबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज मऊ व्हायचा. "वंगाळ वरीस व्हतं," म्हणायचा, "पर मान्सं लई चांगली भेटली बघ. तसली पुन्हा न्हाई भेटली."

चकलांब्याहून मावळतीला सात-आठ मैल गेलं की एक ओढा लागतो. ओढ्याच्या पलीकडं नगर जिल्हा. अलीकडच्या चढावर पाच-सहा बाभळी, तिथंच आश्रुबाचं घर आणि थोडी मुरमाड जमीन. त्या जागेला बाभूळफाटा म्हणत. आश्रुबाच्या तरुणपणी हा ओढा म्हणजे नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलुख, पलीकडं इंग्रजी. मीठ, काडेपेटी, गिरणीचं कापड असं काहीही ओढा ओलांडून आणायचं तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागायची. आश्रुबाच्या मामानं त्याला अठराव्या वर्षी त्या नाक्यावर चिकटवला. काम काय, तर गाडी आली की थांबवायची आणि नाक्याच्या अंमलदाराच्या, अमीनसाहेबांच्या मागं उभं राहायचं.

अमीनसाहेब पान चघळत तीनच सवाल करायचे. "कां से आए? कां कू जाते? गठडी में क्या हय?" आश्रुबाला ते तिन्ही सवाल त्याच चालीवर पाठ झाले होते. लग्नाचं वऱ्हाड आलं तर अमीनसाहेब म्हणायचे, आधी वाजवा, मग रस्ता. मग सनई वाजायची, नवरदेव घोड्यावर अवघडून बसायचा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंची पोरंसोरं जमायची. आश्रुबाला ते दिवस मोठे गोड वाटायचे. थांबवायचा हक्क कुणी दिला, किती दिला, हे त्या काळी ना कुणी विचारलं, ना त्याच्या मनात आलं. रस्त्यात आडवं काही आहे म्हणजे थांबायचं, एवढंच लोकांना ठाऊक.

निजामाचं राज्य गेलं. दोन-चार वर्षांत करोडगिरीही उठली. नाक्याच्या खोलीचे दगड लोकांनी गोठ्यांना नेले. आश्रुबा शेतीत पडला, त्याचं विमलबाईशी लग्न झालं, आणि वीस-बावीस वर्षं ओढ्यावरून कोण आलं, कोण गेलं, याची पंचाईत कुणाला उरली नाही.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. बहात्तर साली तर विहिरींचे तळ दिसायला लागले. धान्य एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी आली, आणि हद्दीवर जागोजाग नाके उभे राहिले. बाभूळफाट्याला पत्र्याची खोली आली, एक खुर्ची, एक टेबल आणि मोहनराव नावाचा कारकून आला. इथल्या चोरवाटा ठाऊक असलेला, लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे होता. गावानं बोट दाखवलं आश्रुबाकडं. पुन्हा त्याच जागेवर तो पंचेचाळिशीत उभा राहिला, हातात बांबू घेऊन.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. विमलबाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते, आणि हा सावलीत उभा. पण आनंद तेवढ्यासाठी नव्हता. गेलेलं काहीतरी परत मिळाल्यासारखं त्याला वाटलं. पहिल्या दिवशी पहिली बैलगाडी आली तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप तीच जुनी चाल निघाली, "कुठनं आलास? कुठं चाललास? गाठोड्यात काय हाय?"

मोहनराव मूळचा परळीकडचा, धर्मापुरीचा. बायको-पोरं तिकडं, हा इथं पत्र्याच्या खोलीत एकटा. माणूस भित्रा, पण वाईट नाही. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की तो बाहेर बाभळीखाली येऊन बसायचा आणि गावच्या जुन्या देवळाच्या दगडी भिंती किती गार असतात ते सांगायचा. दुपारी तिथं जाऊन पाठ टेकली की झोपच लागते, म्हणायचा. आश्रुबा त्याला करोडगिरीच्या गोष्टी सांगायचा. दोघांचं चांगलं जमलं.

कामाचा दस्तूर असा होता की गाडी थांबवायची, विचारपूस करायची, पोती दिसली तर पोकळ सळई खुपसून आत काय आहे ते बघायचं, आणि धान्य असलं की उतरवून ठेवायचं. कुणी फार तकरार केली तर मोहनराव टेबलाच्या खणातली लाल फितीची फाईल बाहेर काढायचा, टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, "हुकूम आहे वरचा." फाईल उघडायचा नाही. आपटायचा फक्त. माणसं गप्प व्हायची. सहा महिने असंच चाललं.

त्र्याहत्तरचा फाल्गुन असेल. ऊस वाळल्यामुळं नगरकडच्या सहकारी कारखान्यांचा पट्टा त्या साली लवकर पडला होता, म्हणजे गाळप थांबलं होतं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतत होत्या. बहुतेक गाड्यांवर भांडीकुंडी, फाटक्या वाकळा, कोयते. त्या गाड्या आश्रुबा सोडून द्यायचा. एका सकाळी मागं राहिलेली एकच गाडी ओढा चढून आली. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कासरा धरलेला एका तिशीतल्या बाईनं, आणि मागं वाकळेवर एक म्हातारी बसलेली.

आश्रुबानं बांबू आडवा केला. "थांब गं माय. कुठनं आलीस?"

"कारखान्यावरनं."

"कुठं चाललीस?"

"घरला. चौसाळ्याकडं."

"गाडीत काय हाय?"

"सासू हाय."

आश्रुबा हसला. "ती दिसती. सासूच्या खाली काय हाय?"

"सासूच्या खाली ज्वारी हाय," बाई म्हणाली. "पट्टा पडल्यावर पंधरा दिस एका बागायतदाराची ज्वारी काढली, त्याची मजुरी. एक पोतं."

"उतरीव."

"कावून?"

"धान्य जिल्ह्याभाईर न्यायाची बंदी हाय."

"मी कुठं भाईर नेतेय? मी तर आपल्या जिल्ह्यात आनतेय."

हा मुद्दा आजवर कुणी काढला नव्हता. "हुकूम हाय," आश्रुबा म्हणाला.

"कुनाचा?"

"सरकारचा."

"मग कागुद दाव."

आवाज ऐकून मोहनराव बाहेर आला. त्यानं फाईल आणली, पण आपटायला टेबल नव्हतं म्हणून ती छातीशी धरून उभा राहिला. "बाई, हुकूम गोपनीय असतो. तुम्हाला दाखवता येत नाही."

"ज्यो मला लागू, त्यो मलाच दावायचा न्हाई?"

"तसा नियमच आहे."

"मग त्यो नेम कुठं ल्हिवलाय, त्यो तरी दावा."

गाडीवरची म्हातारी खळखळून हसली. तिचं नाव चतुराबाई. "साहेब," ती म्हणाली, "माझ्या सुनेच्या नादी लागू नका. ती मुकादमाला बी न्हाई सोडत."

सून होती सुंदरबाई. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून सासू-सून दोघींचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. सुंदरबाई खाली उतरली, तिनं बैल सोडले आणि बाभळीच्या बुंध्याला बांधले. मग मोहनरावाकडं बघून शांतपणे म्हणाली, "कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की आकडा काटेवाल्याला दिसतो, तसा मला बी दिसतो. मला वाचता येत न्हाई, पर दिसतो. सभासदाला दिसतो, मजुराला दिसतो. आन् तुमच्या नाक्यावर मला आडवायचं, माझं पोतं उतरवायचं, आन् कागुद खनात ठिवायचा. ज्वारी ठिवा, माझी ना न्हाई. पर कागुद दावल्याबिगर मी हितनं उठणार न्हाई."

ती खरंच उठली नाही.

तीन दिवस दोघी बाभळीखाली राहिल्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. सुंदरबाई तीन दगडांची चूल मांडायची, सासूला भाकरी करून घालायची आणि नाक्यावर कोण येतं-जातं ते बघत बसायची. कुणाची गाडी थांबली की तिथूनच म्हणायची, "भाऊ, कागुद माग." विमलबाई तलावावरून येताना डोक्यावर पाण्याची घागर घेऊन यायची आणि अर्धी दोघींना द्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघी मिळून जात्यावरच्या ओव्या म्हणत बसल्या. जातं नव्हतं, दळायला दाणेही नव्हते, नुसत्या ओव्या. आश्रुबा बांबूला टेकून ऐकत राहिला. पुढं कितीतरी वर्षं त्याला ती संध्याकाळ आठवायची. धुरळ्यात बुडालेला सूर्य, बैलांच्या घंटा आणि तीन बायकांचे तीन आवाज, एक चिरका, एक जाड, एक विमलबाईचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला फडकं गुंडाळताना विमलबाईनं विचारलं, "आवं, तुमी तरी वाचलाय का त्यो हुकूम?"

"मोहनरावांनी वाचलाय की."

"मी तुमचं इचारतेय. तुमाला ल्हिता-वाचता येतंय म्हनून तर तितं घेतलं ना?"

नाक्याकडं जाताना आश्रुबाच्या लक्षात आलं, आपण हयातीत दोन नाक्यांवर काम केलं, हजारो माणसं थांबवली, आणि कशाच्या जोरावर थांबवली हे एकदाही डोळ्यांनी बघितलं नाही.

दुपारी मोहनराव बाभळीखाली आला तेव्हा आश्रुबानं सरळच मागणी केली. "साहेब, तिला नका दावू. मला दावा. मी तुमचाच मानूस हाय."

मोहनरावानं आधी टाळाटाळ केली. मग इकडं-तिकडं बघितलं आणि त्याला खोलीत नेलं. फीत सोडली. फाईल उघडली. आत एकच कागद होता. टंकलेलं पत्र, पाच-सहा ओळींचं. धान्य वाहतुकीवरच्या निर्बंधाबाबत सोबत जोडलेल्या आदेशानुसार तपासणी करावी, अशा अर्थाचं. खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं: सोबत, वरीलप्रमाणे.

आश्रुबानं कागद उलटा करून बघितला. फाईल झटकली. "सोबतचा कुठं हाय?"

"आलाच नाही," मोहनराव म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे आलाच नाही रे. आदेश जोडायचा राहिला. मी दोनदा मागितला. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, मोहनराव, नाका चाललाय ना? मग कशाला खाज? तोंडी सांगितलंय तेवढं करा." तो खाली बसला. "काय विचारायचं, काय ठेवून घ्यायचं, सगळं तोंडी. मला तरी कुठं ठाऊक आहे त्यात काय लिहिलंय."

सहा महिन्यांत उतरवलेली गाठोडी आश्रुबाच्या डोळ्यांपुढं आली. एक म्हातारा होता, लेकीच्या बाळंतपणाला चार पायली ज्वारी घेऊन चाललेला. तो रडला नव्हता, भांडला नव्हता. "बरं," एवढंच म्हणून रिकाम्या हातानं पुढं गेला होता.

बाहेर येऊन त्यानं सुंदरबाईला खरं काय ते सांगितलं. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "मग दादा, मागव की. आमी थांबू म्हनलं तरी बैलं थांबत न्हाईत, त्यांला चाऱ्याच्या छावणीत न्यावं लागतंय. पोतं हितंच ठिवून जाते. तुज्या भरवशावर, सरकारच्या न्हाई. कागुद आला की निरोप धाड."

पोत्याच्या तोंडाला तिनं सासूच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि गाडी जुंपली. चतुराबाईनं जाताना आश्रुबाच्या डोक्यावरून हात फिरवला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आश्रुबा पुरवठ्याच्या कचेरीत गेला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिसऱ्यावरून परत पहिल्यावर. "तू कोण बे? हंगामी माणूस ना? तुला कशाला पाहिजे आदेश?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, असले कागद लोकांना दाखवायचे नसतात, लोक पळवाटा काढतात. संध्याकाळी एसटीतून परत येताना त्याला भगवानराव भेटला. भगवानराव गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सचिव. बागायतदाराचा मुलगा, चार बुकं शिकलेला, बोलायला रांगडा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"तू एकट्यानं मागितलंस म्हनून तुला बे म्हनले. सोसायटीनं मागू दे, मग बगू. रविवारी सभेला ये."

सोसायटीची कचेरी म्हणजे एक पत्र्याची पडवी. भिंतीवर काळा फळा, त्यावर किती बियाणं आलं, किती रेशन आलं, कुणाला मिळालं, ते खडूनं लिहिलेलं. तो फळा पुसून पुसून पांढरा पडला होता, पण रोज लिहिला जायचा. रविवारी चाळीसेक सभासद जमले. भगवानरावानं विषय मांडला तशी गलबल झाली. ज्याच्या-त्याच्याकडं नाक्याची एकेक गोष्ट होती, आणि ती सांगताना जो-तो आश्रुबाकडं बघत होता. आश्रुबा भिंतीला टेकून मान खाली घालून बसला होता.

धुळाजी नावाचा म्हातारा उठला. "ठराव करा, पर मागनं रागानं सोसायटीचं रेशन बंद केलं तर?"

"तर बंद करायचा हुकूम बी दावा म्हनू," भगवानराव म्हणाला. पडवीत हशा पिकला. धुळाजीही हसला.

ठराव साधाच झाला. नाक्यावर माणसं थांबवण्याचे, विचारपूस करण्याचे आणि माल ठेवून घेण्याचे नियम काय आहेत ते सभासदांना कळावेत, म्हणून आदेशाची नक्कल मिळावी. खाली सह्या आणि अंगठे. पहिली सही कुणी करायची यावर सगळे एकमेकांकडं बघू लागले. तेव्हा आश्रुबा उठला.

"आरं, तू तर नाक्याचा मानूस," धुळाजी म्हणाला. "तुजी नोकरी जाईल."

"म्हनून तर," आश्रुबा म्हणाला, आणि त्यानं सही केली.

ठरावाची एक प्रत कचेरीत, एक जिल्ह्याला, एक थेट मुंबईला गेली. पंचवीस-तीस दिवस काहीच नाही. आश्रुबा नाक्यावर उभा राहायचा, पण त्याची जुनी चाल मोडली होती. गाडी आली की तो नुसतं "राम राम" म्हणायचा आणि मोहनराव खोलीतून बाहेर येईपर्यंत इकडचं-तिकडचं बोलत बसायचा. मोहनरावालाही ते कळत होतं. तोही हळूहळू बाहेर यायला वेळ लावू लागला.

आणि एक दिवस टपालवाला सायकल रेटत आला. सोसायटीच्या नावाचा जाड लिफाफा. मुंबईहून आला होता. मराठीत छापलेली चार पानं.

सोसायटीपुढच्या लिंबाखाली सगळ्यांना जमवून भगवानरावानं ती मोठ्यानं वाचली. आधी बरीच कलमं समजण्यापलीकडची होती. मग तिसऱ्या पानावर गाडं आलं. घरच्या खाण्यासाठी ठरावीक धान्य नेता येईल. मजुरी म्हणून मिळालेल्या धान्याला बंदी लागू नाही, मुकादमाची किंवा मालकाची चिठ्ठी पुरे. पोतं मालकासमोरच उघडावं. बायकांच्या सामानाला पुरुषानं हात लावू नये. काहीही ठेवून घेतलं तर पावती द्यावी. आणि कुणाला अन्याय झाला असं वाटलं तर पंधरा दिवसांत वर दाद मागता येईल.

वाचन संपलं. मग धुळाजी म्हणाला, "म्हंजे हे सगळं आधीपसूनच व्हतं?"

"आधीपसूनच," भगवानराव म्हणाला.

सरकार वाईट असतं तर आश्रुबाला इतकं लागलं नसतं. हुकूम बरा होता. माणसाला माणूस समजून लिहिलेला होता. तो सात-आठ महिने कुणाच्या तरी कपाटात पडून होता, आणि इथं आपण सळई खुपसत होतो.

त्याच आठवड्यात त्यानं कुठून तरी पत्र्याचा एक मोठा तुकडा मिळवला, त्याला डांबर फासलं आणि चुन्यानं लिहायला बसला. काय विचारता येतं, काय विचारता येत नाही, काय ठेवून घेता येतं, पावती कशी मागायची, तक्रार कुठं करायची. मोहनराव दारात उभा राहून बघत होता. कपाळावर घाम.

"आश्रुबा, मला यात धरू नको हं."

"न्हाई धरत, साहेब."

थोडा वेळ गेला. मोहनरावाला राहवेना. तो जवळ आला. "तक्रारीतला क्र जोडाक्षर असतं रे. दे इकडं." त्यानं बोट चुन्यात बुडवलं आणि अक्षर नीट केलं. मग पुढचंही एक केलं. अर्धा फलक शेवटी मोहनरावाच्या हातचा झाला. दोघांचे हात कोपरापर्यंत पांढरे.

फलक लागला आणि नाक्याची कळाच बदलली. वाचता येणारे वाचायचे, न येणारे म्हणायचे, "काय ल्हिवलंय ते सांगा." आश्रुबा सांगायचा. दिवसातून वीसदा सांगायचा, तरी कंटाळायचा नाही. काही जण खोट्या चिठ्ठ्या घेऊन यायचे, तेही त्याला कळायचं. पण आता थांबणाऱ्याच्या आणि थांबवणाऱ्याच्या मध्ये काहीतरी होतं, दोघांनाही दिसणारं. भांडणसुद्धा त्या फलकाकडं बोट दाखवून व्हायचं.

बारा-तेरा दिवस असे गेले. मग कचेरीची जीप आली.

"हा बोर्ड कुणी लावला?" साहेब खाली न उतरताच ओरडला.

"मी," आश्रुबा म्हणाला.

"कोणाला विचारून?"

"कुनालाच न्हाई, साहेब. पर त्याच्यात चूक काय हाय ते सांगा, पुसून टाकतो."

साहेब उतरला. त्यानं फलक वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. चूक सापडली नाही. त्यामुळं तो जास्तच चिडला. "सरकारी जागेवर खासगी बोर्ड लावता येत नाही. काढा. आणि हा माणूस उद्यापासून नको."

मोहनरावाचे ओठ हलले. आश्रुबाला वाटलं, आता हा म्हणेल मला काही ठाऊक नाही. पण मोहनराव म्हणाला, "साहेब, अर्धा मी लिहिलाय."

साहेबानं त्याच्याकडं बघितलं. "तुमचं नंतर बघतो."

मोहनरावाची महिन्याभरात दुसरीकडं बदली झाली. आश्रुबाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. फलक मात्र भगवानरावानं उचलला आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, एका सभासदाच्या शेतात, नाक्याकडं तोंड करून उभा केला. ती जागा सरकारी नव्हती. त्याच महिन्यात वरून पत्र आलं म्हणे, सगळ्या नाक्यांवर नियम लावावेत. ते सोसायटीच्या ठरावामुळं आलं की आपसूक आलं, कुणाला सांगता येत नाही. आश्रुबा म्हणायचा, आलं हे खरं.

नोकरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं सुंदरबाईचं पोतं रीतसर सोडवून घेतलं. ते परत मिळाल्याची, आयुष्यातली पहिली पावती त्यानं स्वतः मागून घेतली. इतके दिवस नाक्यावरून हलता आलं नव्हतं; आता निरोप धाडण्याऐवजी त्यानं पोतं एसटीच्या टपावर टाकलं आणि स्वतःच निघाला. चौसाळ्याला उतरल्यावर पुढं दोन कोस खांद्यावर. सुंदरबाई दारात शेण्या रचत होती. पोतं बघून ती उठली, चिंधीची गाठ तपासली, आणि मग पहिला प्रश्न विचारला.

"कागुद आनलास?"

आश्रुबानं पैरणीच्या खिशातून चार पानांची नक्कल काढली. त्यानं रात्रभर बसून हातानं उतरवली होती ती.

"वाच."

"समदा?"

"समदा. पयल्यापसनं."

तो उंबऱ्यावर बसला आणि वाचू लागला. चतुराबाई आतून सरकत आली. शेजारच्या बायका आल्या, ऊसतोडीवरून परतलेल्या. बायकांच्या सामानाला पुरुषानं हात लावू नये, या ओळीला एक जण म्हणाली, "थांब. ह्ये पुन्हा वाच." त्यानं पुन्हा वाचलं. दुसरी म्हणाली, "आजून एकदा." त्या ओळीवर तो पाच-सहा वेळा तरी थांबला असेल. मग सुंदरबाईनं त्याच पोत्यातली ज्वारी काढली, शेजारणीच्या जात्यावर दळली आणि त्याला भाकरी करून वाढली. इतकी पांढरी भाकरी त्यानं दीड वर्षांत खाल्ली नव्हती.

परत आल्यावर आश्रुबा विमलबाईबरोबर तलावावर माती वाहायला गेला. पहिल्या आठवड्यात त्याचे हात सोलवटले. विमलबाईनं हळद लावली आणि ती हसली. पुढच्या सालात पाऊस बरा झाला. मग केव्हातरी जिल्हाबंदी उठली आणि पत्र्याची खोली एका बैलगाडीत घालून नेली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, नोकरीतून मोकळा झाल्यावर, मोहनराव एकदा बाभूळफाट्याला आला. केस पिकलेले, हातात पिशवी, पिशवीत धर्मापुरीचे पेढे. तो आणि आश्रुबा दुपारभर ओढ्याच्या काठी हिंडले. खोली नेमकी कुठं होती यावर दोघांचं जमेना. मोहनराव म्हणे या चढावर, आश्रुबा म्हणे पलीकडं. सडक रुंद झाली होती, बाभळी तुटल्या होत्या, आणि गाड्या न थांबता भर्रकन् निघून जात होत्या. शेवटी दोघंही एका बांधावर बसले. धुळाजी कधी गेला, भगवानराव आता कुठं असतो, सुंदरबाईची सासू किती वर्षं जगली, असं एकेकाचं नाव निघत राहिलं. कुणाचा तपशील चुकला की दुसरा दुरुस्त करायचा.

विमलबाईनं दारातून हाक मारली तेव्हा उन्हं कलली होती. मोहनरावाची शेवटची एसटी निघून गेली होती. त्यानं काही फार वाईट वाटून घेतलं नाही. दोन दिवस राहिला.